उभी गाडी विश्रांती घेत नाही

जर्मनी, स्वीडन, कॅनडा अशा थंड देशांत मोटरसायकल हे बऱ्याच अंशी हंगामी वाहन आहे. रस्त्यावर बर्फ पडू लागला, तो वितळवण्यासाठी मीठ टाकले जाऊ लागले, की गाडी झाकून ठेवायची आणि थंडी सरल्यावर बाहेर काढायची, असा तिथला शिरस्ता. जर्मनीत तर वर्षातले ठरावीक महिनेच वैध असलेली नंबरप्लेटही घेता येते. त्या महिन्यांचे आकडे प्लेटवरच छापलेले असतात. मग वसंतातल्या पहिल्या उन्हाच्या दिवशी मालक हौसेने किल्ली फिरवतो, बटण दाबतो आणि गाडी ढिम्म हलत नाही.

महाराष्ट्रात तसा बर्फ नाही, पण गाडी महिनोन्‌महिने उभी राहण्याची कारणे इथेही कमी नाहीत. मुलगा शिकायला परगावी जातो, आई-वडील सहा महिने परदेशातल्या लेकीकडे जातात, कोकणातल्या घरची गाडी पावसाळाभर पडवीत उभी राहते. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत तर राज्यभरातल्या दुचाकी एकाच वेळी जागच्या जागी थांबल्या होत्या. कारण वेगळे असले तरी पुढचे दृश्य सारखेच असते. सेल्फ मारत राहायचे, तो थकला की किक, किक थकली की ढकलगाडी आणि शेवटी गॅरेज. तिथे बॅटरी बदलली जाते, प्लग बदलला जातो, कार्बोरेटर उघडला जातो. यातले नेमके काय बिघडले होते, हे बहुतेक वेळा कोणालाच कळत नाही.

या गोंधळाच्या मुळाशी एक चुकीचा समज आहे. गाडी चालली की झिजते आणि उभी असली की सुरक्षित असते, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात उभ्या गाडीतले यांत्रिक काम थांबते, रासायनिक काम चालूच राहते. म्हणून तिचे निदानही अंदाजाने नव्हे, तर त्या रसायनाच्या क्रमाने व्हायला हवे.

सुरुवात बॅटरीपासून. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचेच तत्त्व आजच्या बहुसंख्य दुचाकींत वापरले जाते. ही बॅटरी काहीही न करता, नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. उष्णता वाढली की हा वेगही वाढतो. त्यामुळे या बाबतीत विदर्भातला उन्हाळा युरोपातल्या हिवाळ्यापेक्षा कठोर ठरतो. त्यात घड्याळ, अलार्म यांसारखी उपकरणे थोडा थोडा वीजप्रवाह ओढतच असतात. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक जमतात. वेळेत चार्जिंग झाले तर ते विरघळतात, पण अनेक आठवडे तसेच राहिले तर कडक होतात आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. थंड प्रदेशात आणखी एक धोका असतो. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतले आम्ल कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत मात्र आम्ल पातळ झालेले असते आणि ते शून्याखाली काही अंशांवरच गोठून बॅटरी फुटू शकते.

दुसरे रसायन टाकीत असते. पेट्रोल म्हणजे एकच द्रव नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनचे ते मिश्रण आहे. त्यातले हलके, चटकन उडणारे घटक थंड इंजिन पेटवायला सर्वाधिक उपयोगी पडतात आणि उभ्या गाडीतून सर्वात आधी तेच उडून जातात. मागे उरलेल्या पेट्रोलची हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन डिंकासारखा चिकट थर तयार होतो. कार्बोरेटरमधल्या, इंजिन मंद गतीवर चालताना इंधन पुरवणाऱ्या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ते बुजायला हा थर पुरेसा असतो. चोक दिल्यावर सुरू होणारी आणि चोक काढताच बंद पडणारी गाडी बहुधा हेच सांगत असते.

हल्ली प्रत्येक बिघाडाचे खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फोडले जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विक्रीस आले आणि आता ते सर्वत्र मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, हे खरे आहे. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग त्याला तोंड देण्यासाठी बनवलेले नाहीत, हेही खरे. मात्र नुसत्या दमट हवेने टाकीतले पेट्रोल काही आठवड्यांत फाटत नाही. झाकणाजवळची पाणी वाहून नेणारी नळी मातीने बुजते आणि पावसाचे पाणी थेट टाकीत झिरपते, हे कारण अधिक वेळा तपासण्यासारखे आहे. इथेनॉलच्या धोरणावर वाद जरूर व्हावा. पण आधी ती नळी साफ करून पाहावी.

तिसरा घटक हवेचा. उंदरांना एअर फिल्टरचा डबा घर म्हणून आवडतो आणि वायरी कुरतडायला आवडतात. गाडी सुरू न होण्यामागे एखादे घरटे असणे ही चेष्टा नव्हे, नेहमीची बाब आहे.

इंजिनाला पेटण्यासाठी इंधन, हवा आणि योग्य वेळी ठिणगी लागते आणि त्याआधी फिरण्यासाठी वीज. निदान म्हणजे यातले काय कमी आहे ते शोधणे. डॉक्टर जसे आधी नाडी, मग रक्तदाब, मग गरज पडली तर रक्ततपासणी या क्रमाने जातात, तसाच सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम इथेही हवा. आधी फुकटच्या तपासण्या: किल स्विच बंद नाही ना, साइड स्टँड वर आहे का, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, टाकीत पेट्रोल आहे का आणि कॉक उघडा आहे का. त्यानंतर कान द्यावा. बटण दाबल्यावर दिवे मंदावून नुसती टक-टक होत असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरट गंज आहे. दिवे अजिबात लागत नसतील, तर फ्यूज किंवा सुटलेली वायर पाहावी. इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नसेल, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे.

काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर या कामात मोठा उपयोगी. विश्रांतीत असलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास किंवा वर असेल तर ती चार्ज आहे, १२.२ च्या आसपास असेल तर साधारण अर्धी आणि १२ च्या खाली गेली असेल तर जवळपास रिकामी. रिकामी म्हणजे मेलेली नव्हे. बॅटरीच्या क्षमतेच्या सुमारे एक दशांश प्रवाहाने, म्हणजे ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरने, हळू चार्ज करून मगच ती बदलायची की नाही हे ठरवावे. चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, कारण त्या वेळी सुटणारा हायड्रोजन एका ठिणगीने पेटू शकतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांनंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंधन इंजेक्शन आहे. तिथे पंप आणि संगणकालाच वीज लागत असल्याने, बॅटरी पूर्ण उतरली असेल तर ढकलून उपयोग होत नाही. किल्ली फिरवल्यावर पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण ऐकू येते का, ही तिथली पहिली खूण.

हे सगळे टाळण्यासाठी एक सल्ला घरोघरी दिला जातो: ‘रोज पाच मिनिटे गाडी चालू ठेवा.’ हा सल्ला निरुपद्रवी नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. मंद गतीवर तयार होणाऱ्या विजेचा मोठा वाटा त्यातच जातो. सेल्फने घेतलेली वीज पाच मिनिटांत कशीबशी परत मिळते, आठवड्यांची घट भरून निघत नाही. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. एरवी ते वाफ होऊन निघून जाते, पण न तापलेल्या इंजिनात त्यातले काही सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरते. ऑइल फिरते राहावे हा त्या सल्ल्यामागचा हेतू योग्य आहे, पण त्यासाठी आठवड्या-दोन आठवड्यांतून अर्धा तास रस्त्यावर फेरी मारायला हवी. ते शक्य नसेल तर बॅटरीची ऋण टोकाची वायर सोडावी, टाकी भरावी, कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे आणि गाडी शांतपणे उभी ठेवावी.

या सल्ल्याचा खरा धोका मात्र गाडीला नसून माणसाला आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल आणि कमी हवा मिळते, त्यामुळे ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. धुराड्यातला उत्प्रेरक काही शे अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे बंद गॅरेजमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा जिन्याखालच्या कोपऱ्यात गाडी ‘गरम’ करत बसणे, हा हा वायू साठवण्याचा हमखास मार्ग आहे. त्याला रंग नाही, वास नाही. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये तो स्वतः श्वासावाटे घेऊन परिणाम नोंदवले होते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही लक्षणे पित्त किंवा उन्हाचा त्रास वाटून दुर्लक्षित राहतात. करोनाकाळात घराघरांत आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हे त्याला ओळखता येत नाही आणि आकडा चांगला दिसतो. अशा वेळी माणसाला आधी मोकळ्या हवेत आणून थेट रुग्णालयात न्यावे, जिथे शुद्ध ऑक्सिजन देता येतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तो वेळ बराच कमी होतो.

यातली कोणतीही माहिती गुपित नाही. गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर काय करावे, हे बहुतेक गाड्यांसोबतच्या पुस्तिकेत असते. ती पुस्तिका मात्र प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही. गाडी ताब्यात देताना विक्रेते हार-पेढ्यांसोबत ते एक पान मराठीत समजावून देऊ शकतात. बॅटरी बदलण्यापूर्वी व्होल्टचा आकडा ग्राहकाला दाखवण्याचा पायंडा गॅरेजवाले पाडू शकतात. गृहनिर्माण संस्थांनी तळघरातल्या पार्किंगमध्ये ‘इंजिन चालू ठेवून थांबू नये’ अशी पाटी लावायला काही खर्च येत नाही. आणि मालकाने एवढे पाळावे: सेल्फ तीन-चार वेळा, प्रत्येकी पाचेक सेकंद मारूनही गाडी सुरू झाली नाही, तर अंगठा बटणावरून काढावा आणि तपासणीला लागावे. पाचव्यांदा बटण दाबून नवे काही कळत नाही, फक्त उरलीसुरली बॅटरी संपते.