बेटे कशी घडली, हे मुलांना विचारू द्या

परशुरामाने बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आले, ही कथा रत्नागिरीतील प्रत्येक मुलाच्या कानी पडते. कथा म्हणून ती जरूर ऐकावी. मात्र भूमीच्या उत्पत्तीचे उत्तर म्हणून ती पुढे केली जाते, तेव्हा आम्हांस तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आठवतो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात, एवढ्यावरून काहीही खरे मानू नये.

मग खरे कसे ठरवावे? आपल्याच अरबी समुद्रातील लक्षद्वीप पाहा. ही बेटे पोवळ्यांची. बेटे बांधणारी पोवळी उथळ, उजेडाच्या पाण्यातच वाढतात; मग भर समुद्रात अशी कंकणाकृती बेटे आली कोठून? ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचतो, त्याच्या कडेची पोवळी वर वाढत राहतात आणि डोंगर बुडाल्यावर कंकण उरते, असे डार्विनने १८४२ मध्ये मांडले. जॉन मरे यांना हे मान्य नव्हते. समुद्रतळावरील उंचवटे गाळ साचून वर येतात व त्यांवर पोवळी वाढतात, असे त्यांचे मत. अखेर १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटोक येथे खोल छिद्रे पाडली गेली. १,२०० मीटरांहून अधिक चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला. डार्विनच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी पुराव्याने त्याच्या बाजूने कौल दिला.

लक्षद्वीपाखालचा डोंगर कसा झाला, हा वाद मात्र अजून चालू आहे. ज्या तप्त स्थानाने सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा पाषाण ओतला, त्याचेच ते पुढचे काम, असे प्रचलित मत आहे. तेथे भूखंडाचा तुटलेला तुकडा असावा, असे काही संशोधक मानतात.

आमचे म्हणणे एवढेच की, हा वादही वर्गात यावा. परशुरामाऐवजी डार्विनचे नाव घोकले, तर केवळ पोथी बदलली. पाठांतर तेच राहिले. ग्रंथप्रामाण्याची किंमत आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. त्यांना प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. बाबासाहेबांनी ती आपल्याला मिळवून दिली. म्हणून पालकांना विनंती आहे : सुट्टीत घरी आलेल्या मुलाने “हे कशावरून?” असे विचारले, तर त्याला उद्धट ठरवून गप्प करू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर त्याच्यासह शोधा. वसतिगृहातील आमच्या शिक्षणाचे ते खरे फळ आहे.