आवाज गेला म्हणता, कात्रणं कुठं आहेत?

राग आला तरी चालेल, पण बोलतो. जयंतीला म्हातारे शाहीर गात होते. वरचा सूर लागेना, तर मागून पोरं ओरडली, "बाबा, बस करा, डीजे लावा!" पुढच्या सतरंजीवरचे म्हातारे मात्र हलले नाहीत. सूर तुटला की ओळ तेच पुरी करायचे.

विठ्ठल उमप 2010 मध्ये, 79व्या वर्षी, नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच गेले. असे लोक थांबत नसतात.

ज्येष्ठ कलावंतांना सरकारी मानधन आहे, महिना 5000. पण कला केल्याचे पुरावे लागतात. रिसोड-मानोऱ्याच्या खेड्यांत रात्र रात्र गायलेल्या माणसाजवळ कात्रण कुठून येणार? आम्ही पत्रकारांनी बातमीत पाहुण्यांची नावं छापली, गाणाऱ्याचं नाही. मीही त्यातलाच.

जुन्या पत्रिका, फोटो कोणाकडे असतील तर पाठवा. अर्ज मी भरतो.