४३ नंबरचं घर

बत्तीस वर्षं शाळेत आवर्त सारणी शिकवली. ४२ मोलिब्डेनम, ४४ रुथेनियम. मधल्या ४३वर कधी प्रश्न येत नसे, म्हणून मीही तिथे रेंगाळले नाही. गेल्या महिन्यात बोन स्कॅनसाठी तेच माझ्या शिरेत टोचलं.

टोचणारी मुलगी म्हणाली, "काकू, आयसोटोप आहे. पाणी भरपूर प्या, आज लहान मुलांना जवळ घेऊ नका." संमतीपत्रावर माझं नाव, वय, वजन सगळं होतं, आत जाणाऱ्याचं नाव तेवढं नव्हतं. विचारलं तर, "घाबरू नका हो." मी घाबरले नव्हते. त्यानंतर घाबरले.

टेक्नेशियम म्हणायला किती वेळ लागतो? मेंडेलीव्हने त्याची जागा १८७१ मध्येच राखून ठेवली होती. खनिजं धुंडाळून लोक थकले. अखेर ते निघालं भंगारातून. बर्कलीच्या लॉरेन्सने आपल्या सायक्लोट्रॉनमधली काढून टाकलेली मोलिब्डेनमची पट्टी १९३७ च्या सुरुवातीला चक्क टपालाने पालेर्मोला पाठवली आणि तिथे सेग्रे आणि पेरिये यांनी तिच्यातून ४३ वेगळं काढलं. पहिलं कृत्रिम मूलद्रव्य. नावाचा ग्रीक अर्थही तोच, कृत्रिम.

इस्पितळात ते एका छोट्या जनरेटरमधल्या मोलिब्डेनम-९९ मधून मिळतं. त्या जनरेटरला या खात्यातले लोक गाय म्हणतात. सलाइन सोडायचं आणि धार काढायची; आठवड्याभरात गाय भाकड. हे मला कुणी त्या खुर्चीत सांगितलं असतं, तर तीन तासांची वाट बघणं हसत गेलं असतं.

'पेशंटला कशाला सांगायचं, उगाच धास्ती घेतात,' असं डॉक्टर मंडळी म्हणतात. मला हे पटत नाही. आमच्या ह्यांनी 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह' एवढंच ऐकलं आणि माझा पेलासुद्धा वेगळा ठेवला. मग मी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. दर सहा तासांनी निम्मं. सकाळी दहाला सोळा आणे, दुपारी चारला आठ, रात्री दहाला चार, पहाटे चारला दोन, उद्या दहाला एक आणा. शिवाय लघवीवाटे जातं ते वेगळंच. ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि पेला मुकाट्याने मांडणीवर ठेवला. एवढा हिशेब संमतीपत्राच्या मागे छापायला काय हरकत आहे?

नात दिवसभर दारातूनच माझ्याशी बोलत होती. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मांडीवर येऊन बसली.