डीएनएफपुढचा रिकामा रकाना

लास वेगासमध्ये २२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री फॉर्म्युला वनची शर्यत संपत आलेली असताना लँडो नॉरिसची गाडी एकाएकी मंदावली. दुसरा क्रमांक हातात होता, मागे जॉर्ज रसेल होता, आणि नॉरिस मात्र वळणाच्या कितीतरी आधी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत होता. विजेत्या मॅक्स वेर्स्टापेनपेक्षा तो वीस सेकंदांहून जास्त मागे राहिला. इंधन कमी पडले असणार, असे बघणाऱ्यांपैकी अनेकांनी ठरवूनही टाकले.

इंधनाचा प्रश्न नव्हताच. गाडीखालचा प्लँक, म्हणजे तळाची फळी, झिजत होता आणि तो वाचवण्यासाठी नॉरिस पाय उचलत होता. तरीही प्लँक वाचला नाही. तपासणीत त्याच्या गाडीच्या प्लँकची जाडी पुढे उजवीकडे ८.८८ आणि मागे उजवीकडे ८.९३ मिलिमीटर भरली. ऑस्कर पियास्ट्रीच्या गाडीवर एका जागी ८.७४. किमान मर्यादा ९ मिलिमीटरची. मॅकलारेनच्या दोन्ही गाड्या बाद झाल्या. नॉरिसचे १८ आणि पियास्ट्रीचे १२ गुण गेले. सरावाची सत्रे अपुरी पडली होती आणि गाडी अपेक्षेपेक्षा जास्त आपटत होती, हे स्टुअर्डांनी ऐकून घेतले. मुद्दाम केलेला प्रकार नाही हेही मान्य झाले. शिक्षा मात्र टळली नाही, आणि ते योग्यच झाले.

आता त्या रात्रीच्या नॉरिसच्या चालवण्याला दहापैकी गुण द्यायचे कसे? पोलवरून सुटून पहिल्याच वळणावर तो बाहेर गेला आणि दोन जागा गमावून बसला; ती चूक त्याची. शेवटच्या फेऱ्यांतली संथ गाडी ही त्याची चूक नव्हे, उलट सांगितलेले काम त्याने शिस्तीने केले. आणि राइड हाइटचा, म्हणजे गाडीच्या जमिनीपासूनच्या उंचीचा, हिशेब चुकला तो संघाचा. एका शर्यतीची ही तीन वेगळी खाती आहेत. चेकर्ड फ्लॅग पडल्यावर अर्ध्या तासात दहापैकी गुण वाटणाऱ्यांनी ती तिन्ही एकत्र करून टाकली.

या प्रकरणात एफआयए या नियामक संघटनेच्या कागदांचे कौतुक करायला हवे. कोणत्या बाजूला किती झीज झाली हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत छापून सर्वांसमोर ठेवले गेले. पण त्याच मोसमातली झांडफोर्टची शर्यत आठवावी. ३१ ऑगस्टला, शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना, दुसऱ्या क्रमांकावरच्या नॉरिसची गाडी तेलगळतीने बंद पडली. १८ गुण तिथेही गेले. पुढे विजेतेपदाचा निकाल अवघ्या दोन गुणांनी लागला, नॉरिस ४२३ आणि वेर्स्टापेन ४२१. म्हणजे ती गळती त्या वर्षातली सर्वांत महागडी ठरता ठरता राहिली. अधिकृत निकालपत्रकात तिच्याबद्दल काय आहे? डीएनएफ, म्हणजे ‘शर्यत पूर्ण केली नाही’. कारण कळले ते संघाने सांगितले म्हणून. दंड करायचा असला की मायक्रोमीटर बाहेर येतो, गाडी मोडली की रकाना कोरा, हा न्याय उलटा आहे. बाद झालेल्या गाडीची नोंद नियमपुस्तकासाठी लागते, तर बंद पडलेल्या गाडीची नोंद चालकाच्या नावासाठी लागते.

संघ सांगतात की, असे कुणी म्हणेल. सांगतात, पण पहिले सांगणे बहुतेकदा अंदाजाचे असते. बहरीन २०१० मध्ये सेबास्टियन फेटल पोलवरून आघाडीवर होता. इंजिनाची ताकद गेली आणि तो चौथा आला. रेड बुलने आधी एक्झॉस्टकडे बोट दाखवले. नंतर निघाला स्पार्क प्लग. त्याच ट्रॅकवर २०१९ मध्ये शार्ल लक्लेर फेरारीसाठीच्या दुसऱ्याच शर्यतीत आघाडीवर असताना असाच मंदावला आणि तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानून परतला. शर्यतीदरम्यान संशय हायब्रिड यंत्रणेवर होता. कारखान्यात गाडी उघडल्यावर इंजेक्शनच्या एका कंट्रोल युनिटमधले शॉर्ट सर्किट सापडले. एवढी टेलिमेट्री आणि एवढे इंजिनिअर हाताशी असताना पहिले निदान चुकते, तर बोनेट उघडून पाच मिनिटांत निकाल देणाऱ्या आपल्या पॅडॉकमधल्या वैद्यांवर किती विसंबायचे?

आणि गाडीचे दुखणे नेहमी डीएनएफ होऊनच दिसते असेही नाही. १९९४ च्या बार्सिलोनातल्या शर्यतीत मिखाएल शूमाखरची गाडी पाचव्या गिअरमध्ये अडकली. बराच मोठा भाग त्याने त्या एकाच गिअरमध्ये चालवला, पिट स्टॉपही त्यातच केला आणि दुसरा आला. निकालपत्रकावर तो नुसता ‘दुसरा’ आहे. याउलट सिंगापूर २००८ मध्ये नेल्सन पिके ज्युनिअर चौदाव्या फेरीत भिंतीवर आदळला, ती नवख्याची चूक म्हणून खपली. तो अपघात संघाच्या सांगण्यावरून केलेला होता हे वर्षभराने बाहेर आले. कधी निकालच शर्यतीनंतर बदलतो: बुडापेस्टमध्ये २०२४ च्या जुलैत फॉर्म्युला टूच्या स्प्रिंट शर्यतीत रिचर्ड फरस्कोरची गाडी तांत्रिक नियमभंगामुळे बाद झाली आणि बंगळुरूच्या कुश मैनीला पहिला विजय मिळाला. त्या विजयावर त्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र त्याने गाडी कशी चालवली हे पाहायचे तर रेषा ओलांडली तेव्हाचीच शर्यत पाहावी लागेल.

सर्वांत अवघड असते ते गाडी आणि चालक यांच्या सीमेवरचे प्रकरण. २००५ मध्ये न्युर्बुर्गरिंगला किमी रायकोनेनने ब्रेक लॉक करून उजवा पुढचा टायर सपाट केला. त्या मोसमात एका शर्यतीला एकच टायर-संच वापरण्याचा नियम होता, त्यामुळे चाक हादरत असतानाही संघाने त्याला आत बोलावले नाही. शेवटच्या फेरीत सस्पेन्शन तुटले आणि फर्नांडो अलोन्सो जिंकला. तुटले सस्पेन्शन, पण सुरुवात ब्रेकच्या पेडलवर झाली, आणि मध्ये नियम व संघाचा जुगार. ‘सस्पेन्शन फेल’ एवढ्या दोन शब्दांत हे मावत नाही.

आता घरच्या मैदानाकडे. आपल्याकडे भारतात स्टार्टच्या आधीची स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची तांत्रिक तपासणी, कडक असते: रोल केज, हार्नेसची मुदत, हेल्मेटवरचे स्टिकर, फायर एक्स्टिंग्विशर, कट-ऑफ स्विच. शर्यतीनंतर पुढच्या क्रमांकांच्या गाड्या पार्क फर्मेत जातात, प्रोटेस्ट आला तर इंजिनही उघडते. आणि जी गाडी स्टेजमध्ये थांबली ती? टो होऊन येते, ट्रेलरवर चढते, रातोरात गॅरेजला जाते. टाइमकीपरच्या शीटवर डीएनएफ पडते. फारच कुणी विचारले तर शेजारी ‘मेकॅनिकल’ लिहिले जाते, नाहीतर ‘इलेक्ट्रिकल’. हे शब्द कारण सांगत नाहीत, ते प्रश्न बंद करतात. बक्षीस-समारंभाच्या खुर्च्या मोजायला आयोजकांकडे माणूस असतो. थांबलेल्या गाडीपाशी वही घेऊन जायला माणूस मिळत नाही.

याची किंमत कोण भरतो ते सगळ्यांना माहीत आहे. ब्रेक फ्लुइड उकळले, पेडल तळाला गेले आणि गाडी चरात उतरली, की नोंद ‘अपघात’ अशी होते आणि पोरगा बेभान चालवतो ही ख्याती पसरते. पुढच्या मोसमात प्रायोजकासमोर तो हेच निकालपत्रक घेऊन बसतो. दुसरीकडे, चौथ्यात उतरवायचा गिअर दुसऱ्यात पडला, आरपीएम लाल रेषेच्या पार गेले, व्हॉल्व्ह वाकले; हा महाशय मात्र ‘इंजिनाने दगा दिला’ सांगत मोकळा होतो आणि बोल लागतो इंजिन बांधणाऱ्याला. ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला, कमाल आरपीएमचा आकडा वाचायला लॅपटॉप आणि दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे कुणी देत नाही.

यात ट्यूनर मंडळींचा दोष अधिकाऱ्यांपेक्षा कमी नाही. आपण बांधलेल्या गाडीत काय तुटले हे कळले तर गिऱ्हाईक जाईल, या भीतीने तुटलेला ड्राइव्हशाफ्ट गोणपाटात गुंडाळून नेला जातो. त्याच बॅचचा शाफ्ट दुसऱ्या तीन गाड्यांत बसलेला असतो आणि पुढच्या फेरीला त्यातला एक पुन्हा तुटतो. झाकून ठेवलेला बिघाड सुरक्षेच्या मुळावर येतो, हे प्रत्येक जुन्या मेकॅनिकला पक्के ठाऊक आहे. तरीही सगळे गप्प.

सगळ्याच गाड्या खोलून पाहा, असा आग्रह कुणी धरणार नाही. तेवढी माणसे फॉर्म्युला वनकडेही नसतात. ऑस्टिनला २०२३ मध्ये प्लँकसाठी तपासलेल्या चार गाड्यांपैकी लुईस हॅमिल्टन आणि लक्लेर यांच्या दोन गाड्या बाद झाल्या, त्या चार सोडून इतर गाड्यांचे प्लँक मोजलेच गेले नाहीत. त्यावरून झालेली कुरबुर अजून विसरलेली नाही. आपल्याला मोजमापाची ती पातळी नको. हवा आहे तो एक कागद.

थांबलेल्या प्रत्येक गाडीसाठी एका पानाचा फॉर्म, गाडी पॅडॉक सोडण्याआधी भरलेला. त्यात कोणत्या किलोमीटरला किंवा कितव्या फेरीत गाडी थांबली. थांबण्याआधी चालकाला काय जाणवले, त्याच्याच शब्दांत. तेलाचे आणि पाण्याचे शेवटचे तापमान. ईसीयूतले कमाल आरपीएम. तुटलेल्या भागाचा फोटो. खाली चालक, मेकॅनिक आणि स्क्रुटिनीअर अशा तिघांच्या सह्या. निदान ‘प्राथमिक’ म्हणूनच लिहावे आणि गॅरेजमध्ये गाडी उघडल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्त करण्याची मुभा ठेवावी. अंतिम निकालासोबत हे कागद जाहीर व्हावेत.

फेडरेशनच्या परिपत्रकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पुरवणी नियमावली आयोजक क्लबच तयार करतो. तिच्यात हे एक कलम घालणे त्याच्याच हातात आहे. क्लार्क ऑफ द कोर्स होणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत ते मांडावे, आणि चालकांनी एन्ट्री फॉर्म भरतानाच ते आहे का हे विचारावे. ट्यूनरांनी तुटलेला भाग टेबलावर ठेवावा. या अंकापासून आमचे ‘चालकांचे गुणपत्रक’ हे सदर स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, तर थांबलेल्या गाड्यांची कारणे हाती आल्यावर तयार होईल. ज्या गाडीचे कारण मिळणार नाही, तिच्या चालकाला गुण न देता त्याच्या नावापुढे ‘नोंद दिली नाही’ असे छापले जाईल आणि त्याखाली आयोजक क्लबचे नाव असेल.