पीसी म्हातारा नाही, हजेरीपट छोटा आहे!

घरातल्या जुन्या पीसीत जागा संपते. तुम्ही पॉकेटमनी साठवून ३ टीबीची हार्ड डिस्क आणता, हौसेने बसवता आणि विंडोज ७ त्यातले २ टीबीच वापरू देतं. उरलेल्या ७४६ जीबीवर पार्टिशनच बनत नाही! लगेच घरात निकाल लागतो, ‘जुना झालाय, भंगारात काढ.’ थांबा राव! गोची पीसीच्या वयाची नाहीये, आकड्यांची आहे.

समजा, हजेरीपटात रोल नंबरसाठी दोनच आकड्यांची जागा आहे. मग १०१ वा विद्यार्थी लिहिणार कुठे? डिस्कचंही सेम. तिच्यावरच्या ५१२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरला नंबर असतो. एमबीआर या जुन्या पद्धतीत तो ३२ बिटचा, म्हणून विंडोजच्या मोजणीत २ टीबीवर गाडी अडते. नवी डिस्क रिकामी असतानाच जीपीटी हा पर्याय निवडा, ड्रायव्हर अपडेट करा, बहुतेक वेळा पूर्ण जागा मिळते. जुन्या बायॉसवर विंडोज मात्र अशा डिस्कवरून सुरू होत नाही. त्यासाठी आधीची छोटी डिस्क राहू द्या, मोठीवर फक्त डेटा ठेवा.

खरी भीती त्याहून जुन्या मशीनची. तिथे पत्ता २८ बिटचा, मर्यादा १३७ जीबी. सर्व्हिस पॅक १ नसलेल्या एक्सपीत याहून मोठी डिस्क लावली, तर मर्यादेपलीकडे लिहिलेला डेटा फिरून सुरुवातीच्या डेटावर पडू शकतो. म्हणजे १०१ नंबरचे मार्क थेट रोल नंबर १ च्या नावावर! आईबाबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो असे उडाले, तर कुणाला तोंड दाखवाल?

म्हणूनच ‘लावून तर बघू, चालतंय का’ हा आपला लाडका जुगाड इथे नको. डिस्क घेण्याआधी मदरबोर्डचा मॉडेल नंबर शोधा, बायॉस आणि विंडोज कुठलं आहे ते बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि फोटोंची दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवाच.

नवीन पीसी घेणं सोपं आहे, मान्य. गेमिंगसाठी तो लागेलही. पण फोटो, गाणी, नोट्स सांभाळायला जुना गडी अजून पुरेसा आहे. त्याला भंगारात काढण्याआधी त्याची मर्यादा नेमकी कुठे आहे, एवढं तरी विचारा की!