अहवालावर तापमान लिहा

प्लेगच्या जंतूला वाढायला 28 अंश सेल्सिअस मानवतात, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो आणि इन्क्युबेटर तसा लावतो. प्लेटवर वसाहतीही छान येतात. पण एफ-1 कवचाविरुद्धची फ्लुरोसंट प्रतिपिंडे लावून काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर काहीच चमकत नाही. हाच जंतू 37 अंशांना वाढवला, की प्रत्येक पेशीभोवती लखलखीत हिरवी कड दिसते. जंतू तोच, माध्यम तेच. निकाल मात्र उलटा.

पिसूच्या पोटात यर्सिनिया पेस्टिस भोवतालच्या हवेच्या तापमानाला जगतो. तिथे त्याला हे कवच लागत नाही. पिसू चावली आणि तो सस्तन प्राण्याच्या शरीरात शिरला, की त्याला 37 अंशांची ऊब मिळते आणि एका मोठ्या प्लाझ्मिडवरची कॅफ जनुके जागी होतात. त्यांतले एक नियंत्रक प्रथिन बनवते, दुसरे कवचाचे प्रथिन, आणि उरलेली दोन ते प्रथिन सांभाळून पेशीबाहेर विणत नेतात. कवच पुरते चढायला काही तास जातात. त्या अवधीत बरेच जंतू पांढऱ्या पेशींच्या तावडीत सापडून मरतात. पण मॅक्रोफेजमध्ये तग धरून राहिलेले बाहेर पडतात ते कवच घालूनच. पुढचा आजार घडवतात ते हेच.

मेनिंगोकोकसची तऱ्हा याहून साधी. त्याच्या कवच-जनुकाच्या आरएनएची घडी तापमान वाढले की सैलावते आणि रायबोसोमला वाट मिळते. 2013 मध्ये हे उघड झाले. तिथे मध्यस्थ प्रथिनाचीही गरज पडत नाही.

प्लेग महाराष्ट्राला पुस्तकातून कळलेला नाही. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी 10 मार्चला पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. आपल्या नाशिक जिल्ह्यात भगूरचे दामोदरपंत सावरकर 1899 मध्ये प्लेगनेच गेले. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्यात साथ उठली, तेव्हा रुग्णांच्या रक्तात एफ-1 विरुद्धची प्रतिपिंडे शोधली गेली. रुग्णाचे शरीर 37 अंशांखाली सहसा उतरत नाही, म्हणून रक्ताची ही चाचणी इन्क्युबेटरच्या काट्यावर अवलंबून नसते. कल्चर मात्र पूर्णपणे असते. नमुना 30 तासांहून अधिक काळ फ्रीजमध्ये राहिला, तरी एफ-1 तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर प्लेग येणार नाही, आणि संशय आलाच तर तो नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडेच जायला हवा. पण नवजात बाळाच्या मेंदूज्वरातला ई. कोलाय के-1 येतो. त्याचेही कवच 37 अंशांना बनते आणि 20 अंशांना बनत नाही. प्लेट रात्रभर टेबलावर राहिली आणि सकाळी के-1 अँटिसीरमने गुठळी धरली नाही, तर ‘के-1 नाही’ असे लिहिण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

‘रूम टेंपरेचर’ या नोंदीवर आमचा विशेष आक्षेप आहे. थंडीत निफाडचा पारा एक आकडी होतो, मे महिन्यात मालेगाव चाळिशी ओलांडते. मग ही खोली कुठली आणि महिना कुठला?

कवचाविषयीचा कोणताही अहवाल लिहिताना इन्क्युबेटरवरचा आकडा नव्हे, आतल्या थर्मामीटरवरचा आकडा लिहा. त्यासोबत वाढीचे तास आणि नमुना थंडीत किती वेळ होता, तेही. यापुढे या मासिकाकडे येणाऱ्या रुग्णवृत्तांत या तीन नोंदी नसतील, तर तो लेख पूर्ततेसाठी परत पाठवला जाईल.