मघाशी येत होता, आत्ता नाही

गाडी गॅरेजच्या दारात नेऊन उभी केली, की तिचा आवाज बंद होतो. हा अनुभव आला नाही असा गाडीमालक विरळाच. सासुरवाडीहून परतताना, चढावर, पहिल्या पावसात बोनेटखाली काहीतरी खडखडत असते. बायकामुले साक्षीला असतात. आणि मेकॅनिक हात पुसत बाहेर आला, की तेच इंजिन शाळातपासणीच्या दिवशी शहाणे होणाऱ्या मुलासारखे चालू लागते. ‘‘मघाशी येत होता, आत्ता नाही,’’ असे आपण ओशाळून सांगतो. तो दोनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहतो आणि म्हणतो, ‘‘वापरा आठ दिवस. वाढला की आणा.’’ या ‘वाढला की आणा’मध्ये पैशाचे, आणि कधीकधी जिवाचेही, मोठे नुकसान दडलेले असते. त्याचा दोष एकट्या मेकॅनिकच्या माथी मारणे मला मान्य नाही.

पिशोरसारख्या गावात हा प्रश्न हौसेच्या मोटारीपुरता नसतो. कन्नड तालुक्यातले हे अंजना नदीकाठचे गाव. एसटी आली तर एसटी, नाही तर काळीपिवळी जीप, हा या टापूतला वर्षानुवर्षांचा प्रवास. बँकेच्या नोकरीत या भागातल्या जीपांची कर्जप्रकरणे मी हाताळली आहेत, तारण म्हणून त्या फिरून पाहिल्या आहेत. जीप एक दिवस उभी राहिली, की त्या दिवसाची कमाई बुडते. हप्ता मात्र बुडवता येत नाही. त्यामुळे इंजिनातून आवाज आला, की चालक एक तर कानाडोळा करतो, नाही तर घाबरून जो जे सांगेल ते काम करून घेतो. दोन्ही महागात पडते.

अशाच एका जीपची गोष्ट सांगतो. गाडी भरली आणि चढ लागला, की पुढून ‘खर्र खर्र’ असा आवाज यायचा. सपाटीला काही नाही, रिकामी असताना काही नाही. शहरातल्या एका गॅरेजने ‘इंजिन काम’ सांगितले. म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, सगळे. चालकाने सोने मोडायची तयारी केली होती. तेवढ्यात गावाकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, त्याला एकच प्रश्न विचारला : ‘‘चढावर गिअर कोणता असतो?’’ मग हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, समोर कोणालाही उभे न राहू देता त्याने क्लच किंचित सोडायला लावला. बाजूला उभे राहून पाहणाऱ्या सगळ्यांना दिसले : अख्खे इंजिन एका अंगाने उचलले गेले आणि पंख्याची पाती रेडिएटरच्या कवचाला घासली. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते, त्यातले एक फाटले होते. भरल्या गाडीने, खालच्या गिअरमध्ये जोर लावला तरच इंजिन पिळवटून वर यायचे. गॅरेजमध्ये जागेवर उभ्या गाडीत तो आवाज जन्मात आला नसता. दुरुस्ती रबराच्या दोन तुकड्यांची होती.

मुद्दा हा, की अधूनमधून येणारा आवाज लहरी नसतो. त्याला ठरलेली वेळ असते, अट असते. ती अट आपल्याला ठाऊक नसते एवढेच. सकाळी थंड इंजिनात टिकटिक येते आणि दोन मैलांवर जाते, तेव्हा पुष्कळदा एक्झॉस्टच्या जोडातून वायू फुसफुसत असतो. लोखंड तापून फुगले, की फट बुजते. दव पडलेल्या पहाटे किंवा एसी लावताच चीत्कार येतो तो ढिल्या पट्ट्याचा. चढावर गाडी ओढताना पत्र्यावर खडे पडल्यासारखा किणकिणाट झाला, तर इंधन अवेळी पेटते आहे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले, की हेच होते. एका विशिष्ट वेगालाच थरथरणारा आवाज बहुधा सायलेन्सरजवळच्या सुटलेल्या पत्र्याचा, त्या गतीशी त्याची लय जुळते म्हणून. आणि मुळात आवाज इंजिनाचा आहे की चाकाचा, हे ठरवायला साधी युक्ती आहे : मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये आणा. इंजिनाची गती उतरली आणि आवाजही उतरला, तर दुखणे इंजिनाकडे. आवाज चाकांच्या वेगाबरोबर तसाच राहिला, तर बेअरिंग किंवा टायर पाहा. घाटाच्या उतारावर हा प्रयोग कोणी करू नये.

जुने मिस्त्री हे सारे कानाने करीत. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचा आवाज ऐकला, त्याच जातीची ही विद्या. पेट्रोल इंजिनात एकेका प्लगची वायर काढून पाहायची. ज्या सिलिंडरची काढल्यावर ठकठक मंदावली, त्याचे बेअरिंग गेले समजायचे. (आजच्या गाड्यांत हा उपद्व्याप करू नये, कॉइल जळते, आणि नव्या डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरचा पाइप तर चुकूनही सैल करू नये, तिथला दाब कातडी भेदून जातो.)

या बाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे, हे कादंबऱ्या लिहिताना मला नेहमी जाणवले. टिकटिक, खटखट, ठकठक, खडखड, घरघर, कुरकुर, किणकिण, फुसफुस : यांतला प्रत्येक शब्द वेगळे यंत्र, वेगळा धातू सांगतो. मोटारसायकलला आपण फटफटी म्हणालो ते उगीच नाही. आणि तरीही गॅरेजमध्ये आपण फक्त ‘‘आवाज येतोय’’ एवढेच सांगतो! अमेरिकेत टॉम आणि रे मॅग्लिओझी या दोन भावांनी रेडिओवर मोटारदुरुस्तीचा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालवला. २०१२ पर्यंत ते नवे भाग करीत होते. फोन करणारे लोक गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचे, सगळे हसायचे, आणि त्या नकलेवरून, कधी येतो, कुठे येतो असे विचारत, निदान व्हायचे. दोघेही एमआयटीचे पदवीधर. त्यांना तोंडाने आवाज काढायला लावण्यात कमीपणा वाटला नाही.

आता गॅरेजमध्ये संगणक आला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानकाच्या गाड्या आल्या; त्यांच्या पोटात जागोजाग सेन्सर आहेत. स्कॅनर जोडला, की दोषाचा क्रमांक पडद्यावर येतो. ही सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण यंत्र जे मोजायला बसवले, तेवढेच मोजते. इंजिनाला चिकटवलेला नॉक सेन्सर अवेळी पेटणाऱ्या इंधनाचा ठोका ऐकतो. फाटलेले माउंटिंग किंवा घासणारा पट्टा त्याला ऐकू येत नाही. पुष्कळ दोष तर एकाहून अधिक फेऱ्यांत आढळल्याशिवाय दिवा लावत नाहीत. बँकेत आमचेही असेच होते. मार्च २००४ पासून हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की खाते बुडीतसदृश धरायचे असा नियम झाला. दर वेळी ८९ व्या दिवशी पैसे भरणारे खाते कागदावर निरोगी! ते कुरकुरते आहे हे संगणकाआधी शाखेतल्या कारकुनाला कळायचे, कारण तो माणसाचा चेहरा पाहत असे. रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून थकबाकीच्या पहिल्या दिवसांपासूनच नोंदीचे वर्ग पाडले, ते याचसाठी. पडद्यावर क्रमांक नाही म्हणजे दोष नाही, असे सांगणाऱ्या सर्व्हिस सेंटरला मी तेच सांगेन.

पण खरी गोम पैशात आहे. उस्तादाने अर्धा तास ऐकले, गाडीत बसून चढापर्यंत आला, एक बोल्ट आवळला; आपण त्याला चहा पाजतो आणि वीस-पन्नास रुपये पुढे करतो. इंजिन उघडून टेबलावर मांडणाऱ्याला हजारो मोजतो, कारण सुटे भाग डोळ्यांना दिसतात. मग धंदा उघडण्याकडे वळणारच. डॉक्टरने औषध न देता ‘‘काही झालेले नाही’’ म्हटले तरी आपण फी देतो. गाडीच्या निदानाची मजुरी वेगळी, आधी ठरलेली, आणि मालकाला शेजारी बसवून चक्कर मारण्यासह असावी, असे मला वाटते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तिथे पाना धरायला जितका वेळ देतात, तितका रोग्याचे म्हणणे काढून घ्यायला द्यावा.

आपल्या बाजूनेही थोडे काम आहे. आवाज आला, की लगेच डायरीत, नाही तर सोबतच्या मुलाकडून टिपून घ्यावे : इंजिन थंड की गरम, गिअर कोणता, गाडी भरलेली की रिकामी, चढ की उतार, वळण डावे की उजवे, एसी चालू होता का. आठ दिवसांच्या अशा नोंदी अर्धे निदान करतात. मोबाइलवर चित्रफीत घ्यायची तर मागे बसलेल्याने घ्यावी आणि गतीचा काटा चित्रात ठेवावा. नुसता आवाज टिपण्यात एक अडचण आहे : फोन बोलणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून भोवतालचा गोंगाट दाबतो, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका गोंगाटच.

बोनेट उघडून कान लावताना पदर, ओढणी, गळ्यातला गमछा आवरावा. रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. आणि एका आवाजाला मात्र डायरी नको, आठ दिवस नकोत : इंजिनाच्या तळातून येणारी जड ठकठक आणि सोबत ऑइलचा लाल दिवा. तिथेच गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, कितीही रात्र झाली असो, आणि पुढचा रस्ता टोचन करूनच न्यावी.